सवतीचं पॅन कार्ड

लग्न झालं त्या वर्षी नवऱ्यानं मला पहिली गोष्ट शिकवली ती सवतीची सही.

दुपारची जेवणं आटोपली की तो मला बाल्कांवातल्या बाकावर शेजारी बसवायचा. बाल्कांव म्हणजे आमच्याकडच्या घरांचा पुढचा सोपा, येणारा-जाणारा बघत बसायची जागा. जुन्या कॅलेंडराचा पाठकोरा कागद माझ्या मांडीवर, पेन हातात, आणि समोर तिचं पॅन कार्ड. अशी काढ, म्हणायचा. पहिलं अक्षर मोठं, शेवटच्याला खाली शेपूट. मी काढायची. शाळेत चित्रकलेत मी कधी धड पास झाले नाही, पण ही सही हाताला इतकी बसली की आपली स्वतःची कशी होती तेच पुढे आठवेना. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. नाव तर माझंच होतं. म्हणजे मला तेच दिलं होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं ही बाई चारसोवीस आहे.

मी पेडण्याकडची, केरीची. तेरेखोलचा किल्ला आमच्या पलीकडच्या काठाला. वय वाढत चाललं होतं, पत्रिका जुळत नव्हती, आणि मग कारापूरचं बिजवराचं स्थळ आलं. पहिली बायको काविळीनं गेली होती, मूल नव्हतं. वडील म्हणाले, माणूस खाणीच्या कंपनीत कामाला आहे, घर स्वतःचं आहे, आणखी काय पाहिजे? मला काय पाहिजे ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही म्हणा.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. आडनावच नव्हे, नावसुद्धा. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं. बायका वाकून बघतात, चेष्टा करतात. माझ्या मावसबहिणींनी आधीच पैजा लावल्या होत्या, अमुक ठेवील, तमुक ठेवील. माझ्या नवऱ्याची अंगठी तांदळावर थांबली. त्यानं मान वर करून आपल्या आईकडे पाहिलं. सासू म्हणाली, तेंच घाल. त्यानं तेच घातलं, पहिलीचं. कारापूरच्या बायकांना कळलं, त्या मागे सरल्या. आमच्या केरीच्या बायकांना उशिरा कळलं. माझ्या आईनं माझा दंड घट्ट धरला, म्हणजे मी काही बोलू नये. वडील मांडवाच्या खांबाकडे बघत राहिले.

सासूचं म्हणणं साधं होतं. भांड्यांवर तेच नाव घातलेलं, रेशन कार्डावर तेच, ट्रकाच्या कपाळावर तेच रंगवलेलं. परत परत कुठे बदलत बसायचं? वर पहिली मागे राहून त्रास देत नाही, आपल्याच नावाची बाई घरात बघून तिचा जीव निवतो, असंही तिनं मला समजावलं. गेलेल्या सवतीच्या नावानं घालतात तो चांदीचा टाक माझ्या गळ्यात आला. मी म्हटलं, हरकत नाही. हरकत घ्यायला तोंड लागतं, आणि बिजवराला दिलेल्या मुलीचं तोंड माहेरीच राहतं.

ट्रकाची गोष्ट अशी. खाणींच्या भरभराटीचे दिवस होते. कंपनीतल्या माणसानं स्वतःच्या नावावर ट्रक घालायचा नाही असा नियम, म्हणून गावातले कितीतरी ट्रक बायकांच्या नावावर. ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही त्या सगळ्या कागदावर ट्रकमालकिणी. माझ्या नवऱ्यानंही पहिलीच्या नावावर घेतला, त्यासाठी तिचं पॅन कार्ड काढलं. बायको गेली तरी ट्रक चालू राहिला. मी आले, नाव तेच, नवरा तोच, घर तेच. मग नवं कार्ड कशाला? कार्डावरचा फोटो इतका काळपट की त्यात मी आहे की ती आहे की सासू आहे, देवाला ठाऊक. दर वर्षी म्हापशाचा एक म्हातारा हिशेबनीस कागद पाठवायचा, जिथे फुली केलेली असेल तिथे मी सही ठोकायची. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ना, ते आम्ही खाल्लं. पण खरं सांगते, खाताना आम्हाला चव लागली नाही, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलं होतं.

फक्त एका दिवशी मात्र लागायची. भाद्रपदात पितृपक्षातल्या नवमीला, नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांचं श्राद्ध असतं. वडे, खीर, सगळा स्वयंपाक माझ्या हातचा. नवरा केळीच्या पानावर वाढून परसात ठेवायचा आणि नाव घेऊन म्हणायचा, ये, जेव. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. नाव माझं. मला हाक मारायचा तेच, त्याच आवाजात. एका वर्षी कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, सासू माझ्याकडे बघून म्हणाली, तुझ्या मनांत कितें आसा जाल्यार सोड बाये, म्हणजे मनात काही धरलं असशील तर सोडून दे. मी मनात म्हटलं, कावळ्याचाच घोटाळा झाला असेल, मेलेली कोण नि जिवंत कोण ते त्याला तरी कसं कळावं? पण हसू आलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता मुळगावच्या आईचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. ती पहिलीची आई. आमच्याकडे दुसरेपणाच्या बाईनं पहिलीच्या माहेरी लेक होऊन जायचं असतं. पहिल्यांदा गेले तेव्हा माझे पाय जड झाले होते. तिनं दारातच नाव घेऊन हाक मारली, तिच्या लेकीचं नाव, आणि म्हणाली, उशीर केलोस गो. जणू लेक बाजारात जाऊन आली होती. त्या वर्षीच्या चवथीला तिनं आमच्या घरी वजें पाठवलं. लेकीच्या सासरी गणपतीला फळफळावळ, गोडधोड, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान भरून टोपल्या पाठवतात ते वजें. केरीहून माझ्या आईनंही पाठवलं, पण ते लहान. मुळगावचं मोठं. पुढे माझे आई-वडील गेले, केरीचं घर चुलत्यांकडे राहिलं, आणि मला माहेर म्हणून मुळगाव तेवढं उरलं. माझं पोट राहिलं नि पडलं, तेव्हा सासूनं देवाला गाऱ्हाणं घातलं, मुळगावची आई मात्र बोचकं घेऊन आली आणि माझ्या उशाशी राहिली. माझी रक्ताची लुगडी तिनं आपल्या हातानं धुतली. मी तिला आई म्हणायची. ती कोणाला लेक म्हणायची, ते मी कधी उकरलं नाही. उकरून काय मिळणार होतं?

खाणी बंद पडल्या. ट्रक परसात उभा राहून गंजला, मग भंगारात गेला. सासू गेली. मग नवरा आजारी पडला. शेवटच्या दिवसांत तो ते नाव घेऊन सारखी हाक मारायचा. मी जवळ जाऊन बसायची, हांगा आसां, इथेच आहे, म्हणायची, तरी त्याची नजर माझ्यावरून पलीकडे जायची आणि तो पुन्हा हाक मारायचा. मला बोलावत होता की तिला, ते मला आजतागायत ठाऊक नाही. त्याचा राग मला त्याच्या मरणाच्या दुःखाहून जास्त आला, आणि अजून येतो. एखादं वेगळं नाव दिलं असतंस तर तेवढं तरी कळलं असतं रे, असं मी त्याच्या फोटोला कितीदा म्हटलं असेल.

घरी एकटी बसून राहिले असते तर वेड लागलं असतं. साखळीला एका शाळेत मुलांच्या खाण्यापिण्याचं बघायला बाई हवी होती. मुख्याध्यापिका भली बाई. घेतलं म्हणाली, पगार बँकेत जमा होईल तेवढा खात्याचा नंबर द्या. मी गेले बँकेत, तर खातं बंद. पॅन आधारला जोडलेलं नाही म्हणून पॅन निकामी, आणि पॅन निकामी म्हणून खातं निकामी. आधार माझं, फोटो माझा, जन्मतारीख माझी. पॅनवर जन्मतारीख तिची. नाव तेवढं दोन्हीकडे एकच. मुख्याध्यापिका म्हणाली, शाळा उघडेपर्यंत थांबते, त्यापुढे मला दुसरी बाई बघावी लागेल.

डिचोलीच्या बाजारात पॅनची कामं करणारं एक दुकान आहे. तिथे बेळगावकडची एक बाई बसते, सदा सर्दी झालेली. मी म्हटलं, जन्मतारीख चुकलीय, दुरुस्त करून द्या. ती म्हणाली, जन्माचा दाखला आणा. मला वाटलं, हे तर चुटकीसरशी होईल.

दाखला आणायला पेडण्याला गेले. कारकुनानं छापून हातात दिला आणि मी बाहेर येऊन उभ्या उभ्या वाचला. त्यावर माझं नाव होतं. बापानं ठेवलेलं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. मी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. रडू बिडू काही आलं नाही, राग आला. इतकं चांगलं नाव होतं माझं, आणि त्यांनी ते ताटातल्या तांदळासारखं एका हातानं सारखं करून टाकलं.

मग एकेक धागा उसवत गेला. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून लग्नाच्या नोंदीचा उतारा हवा. आमच्याकडे लग्नाआधी नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या कराव्या लागतात, ती नोंद काढली. त्यात माझं केरीचंच नाव, माझी खरी सही, वेडीवाकडी. तिथला कारकून म्हणाला, बाई, कायद्यानं तुमचं नाव कधी बदललेलंच नाही, तुम्ही लग्नाच्या आधी होता तीच आहात. मी म्हटलं, मग इतकी वर्षं ती कोण होती? त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

दुकानातल्या बाईनं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी तिला खरं काय ते सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाली, मावशी, ह्यात दुरुस्ती नाही होणार. हे कार्ड तुमचं नाहीच. नंबर माणसागणिक एक असतो. हिचा आधी बंद करा, मग आधारावरचं नाव बदलून तुमच्या जन्माच्या नावानं नवं काढू. आणि तुम्ही पणजीला आयकरच्या ऑफिसात जाऊन सांगून या, नाहीतर पुढे अंगाशी येईल.

पणजीला गेले. मला आत टाकतील, अशीच माझी समजूत. तिथल्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मृत व्यक्तीची सही करून तुम्ही विवरणपत्रं भरलीत, फायदा कोणाला झाला? मी म्हटलं, ट्रकाला. तो हसला नाही. त्यानं विचारलं, हे नाव तुम्ही का लावलंत? मी म्हटलं, साहेब, मी लावलं नाही, मला लावलं, आणि त्या नावानं हाक मारली की मी ओ देत होते. ट्रक गेल्याला बरीच वर्षं झाली होती, येणं-देणं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, की त्याला कीव आली असेल, त्यानं एवढंच सांगितलं की सगळं लिहून द्या, आणि पहिलीच्या मरणाचा दाखला आणि तिच्या वारसाचं प्रतिज्ञापत्र जोडा. वारस कोण? नवरा गेला. मूल नाही. आई आहे, मुळगावला. मग आईचं आणा, तो म्हणाला.

मरणाचा दाखला लगेच मिळाला. त्यावर माझ्या घराचा पत्ता, माझ्या नवऱ्याचं नाव, आणि वर ते नाव. आपल्या मरणाचा दाखला रांगेत उभं राहून फी भरून घेतलेली बाई माझ्याशिवाय दुसरी कोणी असेल तर मला भेटवा. कारकुनानं विचारलं, तुमच्या कोण? मी म्हटलं, घरातली.

मुळगावला गेले ते बोलायचं ठरवून. पण तिनं फणसाचे गरे काढून ठेवले होते, मला खायला बसवलं, गुडघे दुखतात का म्हणून विचारलं. गरे खाऊन परत आले. बसमध्ये स्वतःला शिव्या घातल्या. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते.

दुसऱ्या खेपेला दारातून आत शिरल्या शिरल्या सांगितलं. अंगठा लागेल आई, लेक गेली असं लिहून द्यावं लागेल. त्याशिवाय मला माझं कार्ड मिळत नाही, काम मिळत नाही. ती खाली बसून काजूच्या बिया फोडत होती. हात थांबला नाही. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती मान खाली घालूनच बोलली.

"एकदां तिका जाळून आयलंय. आतां परत मारूं?"

मी म्हटलं, ती गेलीय, आई. सगळ्या गावाला माहीत आहे, तुला माहीत आहे.

"तूं येता मगे," ती म्हणाली. "तूं येता न्ही. मग ती खंय गेली?"

माझं डोकं फिरलं. मी नाही म्हणते, पण माझ्या जिभेला हाड नाही हे माझा नवराही म्हणायचा. मी म्हटलं, दर वर्षी माझ्या नावाचा घास कावळ्याला घातला, मी जिवंत असताना, आणि मीच तो शिजवला. ते तुम्हाला सगळ्यांना चाललं. आता तिच्या नावाचा एक अंगठा द्यायला तुझा जीव जातो. मग मी कोण गं? माझी आई मला काय म्हणून हाक मारायची, हे तू कधी विचारलंस? इतकं बोलून मी उठले. तिची सून चहा घेऊन येत होती, तिच्या बाजूनं निघून आले. बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, पण ज्या हातांनी माझी लुगडी धुतली त्यांच्यासमोर बोलले, ते मला लागलं. तरी परत जाऊन शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. घेतले असते तर मी पुन्हा तीच झाले असते, मेलेली.

काही दिवस गेले. कामाची आशा मी सोडली होती. मग तिच्या मुलाचा फोन आला, आई शनिवारी डिचोलीला येते म्हणते, कागद तयार ठेवा. मी विचारलं, रागावलीय का? तो म्हणाला, बोलत नाही, जेवते मात्र.

ती एकटीच आली, बसनं. चवथीला नेसते ते चांगलं लुगडं नेसली होती. मी पुढे होऊन म्हटलं, आई, पाणी घे. नको म्हणाली. नोटरी म्हणजे वकिलांच्या कचेरीखाली टेबल टाकून बसलेला एक गृहस्थ. दुकानातल्या बाईनं कागद टाईप करून दिला होता, तो त्यानं मोठ्यानं वाचला. माझी मुलगी, मग ते नाव, ही अमुक ठिकाणी राहत असून मयत झाली. त्यानं विचारलं, मयत झाली ना, आजी? बरोबर आहे ना?

"जाली," ती म्हणाली.

त्यानं शाईचा पॅड पुढे केला. तिनं अंगठा टेकवला, नीट, घाई न करता, आणि उठलेला ठसा वाकून पाहिला. अंगठ्याची शाई तिनं लुगड्याला पुसली नाही, तशीच राहू दिली.

मग नोटरी म्हणाला, यांना ओळखणारं माणूस कोण? त्याचं नाव इथे लागेल. मी म्हटलं, मी. त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं, केरीचं, बापानं ठेवलेलं. पूर्ण, आडनावासकट. म्हातारीनं चटकन वळून माझ्याकडे पाहिलं.

"हें कोणाचें नांव?"

"माझें," मी म्हटलं.

तिनं ते ओठांत एकदा म्हणून बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. चांगलं आहे म्हणेल, आधी का सांगितलं नाहीस म्हणेल. इतकी वर्षं मी ह्याच बाईच्या तोंडून ते ऐकायची वाट बघत होते, हे मला त्या टेबलापाशी उभं राहून कळलं. काम, कार्ड, सगळं मागे पडलं. तिनं एकदा त्या नावानं हाक मारली असती तर मी तिथल्या तिथे तिच्या पाया पडले असते.

नोटरीला घाई होती. पेन कागदावर टेकवून त्यानं तिलाच विचारलं, "ही तुमची कोण, आजी?"

ती माझ्याकडे बघत होती. चेहरा कडक नव्हता. एखादी बाई बाजारात दिसते, कुठेतरी पाहिलीय असं वाटतं, तशी ती बघत होती.

"वळखीची," ती म्हणाली.

त्यानं तसं लिहिलं. मी खाली सही केली. माझी सही मला जमेना. शेवटच्या अक्षराला तेच शेपूट आलं, ते खोडून पुन्हा करावी लागली.

कार्ड पुढे यथावकाश आलं. मुख्याध्यापिका तोवर थांबली होती, काम मिळालं, अजून करते आहे. मुलं मला नावानं बाई म्हणतात, माझ्या नावानं, आणि ते ऐकायला बरं वाटतं, नाही कशाला म्हणू? मुळगावला मी त्यानंतर एकदा गेले होते. सून म्हणाली निजल्यात. माझा पाय पुन्हा तिकडे वळला नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ते त्याच शनिवारचं. कचेरीतून आम्ही दोघी स्टँडवर आलो. मी दोन उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, एक तिला दिला. तिनं तो घेतला आणि पिशवीत ठेवला. मुळगावची बस लागली. पायरी उंच होती. मी पुढे होऊन हात दिला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग वर बघून कंडक्टरला हाक मारली, आणि त्याचा हात धरून चढली.